शेल स्क्रिप्टमध्ये (कमांड ओळीने लिहिलेल्या फाईलमध्ये) हिशोब आणि तुलना करायला एक्स्पर (expr, हिशोबाची जुनी वेगळी कमांड) वापरावं की डबल कंस $(( ))? आणि [ ] व [[ ]] या अट तपासायच्या कंसांत फरक काय?

तुमच्या प्रश्नाच्या शेवटी "एक्स्पर आता कुणी वापरत नाही असं आमचे सर म्हणतात" हे वाचलं आणि राहवलं नाही, कारण हेच वाक्य मी २०१७ मध्ये तोंडावर ऐकलंय.

चिंचवडच्या एका कारखान्यात आयटीला होतो. एक तारखेला पहाटे क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणारी सोय) माझी एक स्क्रिप्ट चालायची, हजेरी मशीनची फाईल उचलायची, मागच्या महिन्याचा ओव्हरटाइम माणसागणिक जोडून पगारवाल्यांना मेल करायची. मागचा महिना काढायला साधं एक्स्पर, डेट कमांडचा महिना घ्या, एक वजा करा, शून्य आलं तर बारा. तीन वर्षं कुणाला कळलंही नाही की अशी काही स्क्रिप्ट आहे. मग मार्चमध्ये नवीन टीम लीड आला, त्याने फाईल उघडली आणि हसला, म्हणे हे काय आजोबांच्या काळातलं, एका वजाबाकीला वेगळा प्रोसेस (म्हणजे वेगळा प्रोग्राम) उघडतोयस. अहो, महिन्यातून एकदा चालणारी स्क्रिप्ट, एक प्रोसेस जास्त उघडला म्हणून लाईटबिल वाढणार होतं का? पण त्याने ती ओळ काढून शेलमधलाच हिशोबाचा कंस $((...)) टाकला. एप्रिल, मे, जून, जुलै, सगळं बिनबोभाट.

एक ऑगस्टला महिना आला ०८. आता बॅशमध्ये (सर्व्हरवरचा शेल, म्हणजे कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) $(( )) च्या आत आकड्याआधी शून्य असलं की तो ऑक्टल (आठच्या पायाचा, अंक ० ते ७ एवढेच) धरला जातो आणि ऑक्टलमध्ये आठ हा अंकच नाही. म्हणजे ०७ पर्यंत चालतं, ०८ आणि ०९ ला एरर, १० ला परत सगळं ठीक. आणि एरर आली म्हणून स्क्रिप्ट थांबली असं नाही, व्हेरिएबल (महिना ठेवायचा डबा) रिकामं राहिलं, पुढची [ ] मधली शून्याची तपासणी रिकाम्या व्हेरिएबलवर एरर देऊन खोटी ठरली, प्रिंटएफ या छापायच्या कमांडने रिकाम्याचं "००" केलं, आणि ०० महिन्याचा ओव्हरटाइम शोधला तर मिळणार काय? सगळ्यांचा शून्य. एररचे मेल रूटच्या (सर्व्हरच्या मुख्य खात्याच्या) मेलबॉक्समध्ये, तो कोण उघडतो. गणपती २५ ऑगस्टला होते, आणि सात तारखेच्या पगारात एकाचाही ओव्हरटाइम नाही. युनियनवाले सरळ आमच्या केबिनमध्ये, आणि स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत नाव कुणाचं तर माझं.

मी लीडला दाखवलं तर त्याने स्वतःच्या लॅपटॉपवर तेच टाइप केलं आणि म्हणाला बघ, सात येतंय. त्याच्या लॅपटॉपवर झेडशेल होता, बॅशसारखाच पण वेगळा शेल! झेडशेल डीफॉल्टला आधीचं शून्य सोडून देतो, ०८ म्हणजे आठच. सर्व्हरवर बॅश. हे समजवायला मला अर्धा दिवस लागला, आणि तरी मीटिंगमध्ये "डेटचा इश्यू होता" असंच सांगितलं गेलं.

एक्स्परला ०८ दिलं तर तो गुमान आठ धरतो. [ ०८ -ईक्यू ८ ] पण चालतं (-ईक्यू म्हणजे -eq, दोन आकडे सारखे आहेत का). तेच बॅशच्या [[ ]] मध्ये लिहा, परत ऑक्टलची एरर, कारण तिथे -ईक्यूच्या दोन्ही बाजू $(( )) सारख्याच सोडवल्या जातात. हा झाला तुमच्या दुसऱ्या प्रश्नातला एक फरक, जो कुठल्याच क्लासमध्ये सांगत नाहीत. दुसरा म्हणजे [ १० > ९ ] लिहिलंत तर तुलना होतच नाही, ९ नावाची फाईल तयार होते आणि अट खरी निघते, कारण [ ही साधी कमांड आहे आणि > म्हणजे रीडायरेक्ट, कमांडचं आउटपुट फाईलमध्ये पाठवणं. [[ १० > ९ ]] मध्ये फाईल बनत नाही पण ती स्ट्रिंगची (अक्षरांची) तुलना, १ हा ९ च्या आधी, म्हणून खोटी. आकड्यांना -जीटी (-gt, मोठा आहे का) वापरा किंवा (( १० > ९ )). [ ] मध्ये व्हेरिएबलला अवतरण चिन्हं लावा, लावाच. स्ट्रिंगला =, आकड्याला -ईक्यू, ०७ आणि ७ स्ट्रिंग म्हणून वेगळे.

आता खरं सांगायचं तर नवीन स्क्रिप्टमध्ये मीही $(( )) च लिहितो. एक्स्परमध्ये गुणाकाराच्या * आधी बॅकस्लॅश विसरलात की फोल्डरमधल्या फाईलींची नावं आत घुसतात, आणि उत्तर शून्य आलं की तो एक्झिट स्टेटस १ (काम फसल्याची खूण) देतो, म्हणजे सेट -ई (set -e, काही फसलं की थांब) लावलेलं असेल तर स्क्रिप्ट तिथेच मेली. माझी जुनी स्क्रिप्ट दर जानेवारीत मेली असती, सेट -ई नव्हतं म्हणून वाचली. (हे लीडला कधी कळलं नाही.) दोन्हीकडे पूर्णांकच, ७/२ म्हणजे ३, पैशांचा हिशोब असेल तर बीसी (bc) किंवा ऑक (awk) या कमांड. आणि बाहेरून आलेली स्ट्रिंग न तपासता $(( )) मध्ये टाकू नका, त्यात ॲरेच्या चौकटी कंसात कमांड लपवलेली असेल तर बॅश ती चालवतो.

ऑक्टलवर उपाय म्हणजे बॅशमध्ये आकड्याआधी १०# (म्हणजे दहाच्या पायाचा आकडा) लावायचं, किंवा लिनक्सवर डेटलाच %-एम (लहान m) सांगायचं म्हणजे शून्य येतच नाही. दोन-तीन अक्षरांचं काम होतं.

तुमच्या सरांना एकदा विचारा, बॅशमध्ये $((०१० + १)) किती. यात एररही येत नाही. ११ म्हणाले तर मला इथे कळवा.