आठव्या आर्मीच्या डब्यातून मराठा लाइट इन्फन्ट्रीची तुकडी कशी करावी?

तुमचा प्रश्न असा आहे: टेबलावरच्या युद्धखेळासाठी 28 मिलीमीटर उंचीच्या ब्रिटिश आठव्या आर्मीच्या प्लास्टिक शिपायांचा एक डबा आणि 1/56 मापाचा शर्मन रणगाडा तुम्ही घेतलाय. ब्रश पहिल्यांदाच हातात धरणार आहात, आणि यातून इटलीत लढलेली मराठा लाइट इन्फन्ट्री टेबलावर उभी करायची आहे. डब्यातले शिपाई हाफ पँटमधले आहेत, सूचनापत्रातले चेहरे गुलाबी आहेत, आणि जमलं तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेल्या नाईक यशवंत घाडगे यांची एक फिगर करायची आहे.

मी नेमकी हीच तुकडी रंगवली आहे, एकतीस शिपाई आणि दोन गाड्या. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी डोकी, कारण तिथे तुमचे पैसे वाचतील. ‘भारतीय सैनिक’ म्हणून जी सुटी डोकी विकत मिळतात ती बहुधा शिखांची, पगडीवाली असतात. मराठा पलटणीला ती नकोत. इटलीत आपले शिपाई ब्रिटिशांसारखंच पसरट कडांचं पोलादी हेल्मेट घालत, आणि ते तुमच्या डब्यात आहेच. डब्यातली एसएमएलई ही ब्रिटिश रायफलही चालते, ब्रेन ही हलकी मशीनगनही चालते. याचा अर्थ असा की गणवेश आणि हत्यारं बघून तुमची तुकडी आणि एखादी इंग्लिश पलटण यांत फारसा फरक दिसणार नाही. हा शिपाई साताऱ्याचा किंवा माणगावचा आहे हे चेहरा, मान आणि हात या तीनच जागा सांगणार. म्हणून तुमची निम्मी मेहनत तिथे घाला. बाकीचं साधं ठेवलं तरी चालेल.

हाफ पँट ही वाळवंटातल्या मोहिमेची खूण. इटलीत 1944च्या उन्हाळ्यात खाकी ड्रिलचा शर्ट, लांब पँट आणि घोट्यावर जाड कापडी पट्टा असा वेश सर्रास दिसतो. काहींच्या अंगावर तेव्हाही हाफ पँट असायची, त्यामुळे सगळेच्या सगळे बदलायचा हट्ट धरू नका. दहांतले सहा बदललेत तरी तुकडी इटलीतली वाटते. यासाठी ग्रीन स्टफ ही इपॉक्सी पुट्टी घ्या. पिवळी आणि निळी पट्टी एकत्र मळली की हिरवी होते, आणि साधारण तासभर हाताळता येते. आधी मोज्याची गुडघ्याखालची जाड कड ब्लेडने छाटून सपाट करा. मग पुट्टीची पातळ पोळी लाटा, पँटच्या कडेपासून घोट्यापर्यंत गुंडाळा आणि ओल्या अवजाराने जोड पुसून टाका. अवजार कोरडं असेल तर पुट्टी त्यालाच चिकटून वर येते. चुण्या दोनच ठिकाणी द्या: गुडघ्यामागे आणि घोट्याच्या पट्ट्यावर जिथे कापड फुगतं तिथे. एका बैठकीत एकच पाय करा. दोन्ही पाय एकदम केलेत तर एक दाबताना दुसऱ्यावर बोटाचा ठसा उमटतो.

हार्डवेअरच्या दुकानातलं एम-सीलसुद्धा इपॉक्सीच आहे. वाळूची पोती, गुंडाळलेली पांघरुणं, दगड यांना ते उत्तम. कापडाच्या बारीक चुण्यांना मात्र ग्रीन स्टफच बरं, कारण ते सुकल्यावरही किंचित लवचिक राहतं आणि पातळ कड तुटत नाही. कापायला मेडिकलच्या दुकानातून 3 नंबरचं हँडल आणि 11 नंबरचं सर्जिकल ब्लेड आणा. ब्लेड स्वस्त असतात, बोथट होताच बदला. बोटं कापतात ती बोथट ब्लेडने, कारण जोर लावावा लागतो. चिकटवायला प्लास्टिकसाठीचा खास सिमेंट हवा. तो प्लास्टिक विरघळवून दोन तुकडे एकजीव करतो. फेविक्विक फक्त धातू, रेझिन किंवा पुट्टीच्या जोडाला वापरा.

प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा थर, मारायच्या आधी प्लास्टिक कोमट साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवा. स्प्रे वापरणार असाल तर तो आधी डब्यातल्या रिकाम्या चौकटीवर मारून बघा. सर्वसाधारण कामाच्या काही स्प्रेमधलं द्रावण प्लास्टिकच खातं. आणि हवामान बघा. जुलैमध्ये मुंबईत, दमट हवेत, मी अर्ध्या तुकडीवर स्प्रे वॉर्निश मारलं होतं. सकाळी सहा शिपायांवर पांढुरकं धुकं बसलेलं होतं, आणि ते सहाही मला पुन्हा पहिल्यापासून रंगवावे लागले. तेव्हापासून जून ते सप्टेंबर माझ्याकडे प्रायमर आणि वॉर्निश दोन्ही ब्रशनेच लागतात. तुम्ही करड्या रंगाचा प्रायमर घ्या. काळ्यावर तपकिरी त्वचा उजळायला फार थर लागतात, आणि पांढऱ्यावर राहून गेलेली जागा लगेच डोळ्यात खुपते.

आता चेहरा. सूचनापत्रातली गुलाबी कृती घेऊन त्यात तपकिरी मिसळू नका, त्यातून चिकणमातीसारखा मेलेला रंग येतो. उलट बाजूने चला. बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) समसमान घेऊन पातळ करा, दुधाइतकं, आणि चेहरा, मान, हात सगळं त्याने भरा. एका जाड थराऐवजी दोन पातळ थर द्या. हा झाला सावलीचा रंग. डोळ्यांच्या खोबणीत, हेल्मेटच्या खाली, कानामागे तो तसाच राहू द्यायचा. यावर बर्न्ट सिएनात थोडा यलो ऑकर (मातकट पिवळा) घालून कपाळ, गालाची हाडं, नाकाचा दांडा, हनुवटी आणि बोटांची पेरं उचला. शेवटी ऑकर आणखी वाढवून, नारिंगीचा अगदी कणभर अंश घालून, नाकाच्या शेंड्यावर आणि गालाच्या वरच्या कडेवर एकेक ठिपका.

पांढरा घालू नका, या कामात सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. सावळ्या रंगात पांढरा पडला की तो उजळ होत नाही, राख फासल्यासारखा दिसतो. आपल्या त्वचेवर ऊन पडतं तेव्हा ती पिवळी-तांबूस होते, म्हणून उजळायचं ते ऑकरने. खालचा ओठ आणि तळहात मात्र किंचित गुलाबीकडे न्या. एवढ्यानेच चेहऱ्यात जीव येतो.

सगळ्यांना एकच मिश्रण लावू नका. घरातल्या एखाद्या लग्नाचा जुना ग्रुप फोटो काढून समोर ठेवा आणि मोजा, त्यात किती तऱ्हेचे वर्ण आहेत. मी तीन वाट्या करतो: एकीत अंबर जास्त, एकीत सिएना जास्त, एकीत ऑकर जास्त. तीन-चार शिपाई एकेका वाटीतून. हे रंग चित्रकलेच्या सामानाच्या कोणत्याही दुकानात ट्यूबमध्ये मिळतात. दांडेकरांनी 1931 साली सुरू केलेल्या कॅमलिनच्या ट्यूब आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेतच हाताळल्या आहेत, आणि अ‍ॅक्रिलिकमध्ये हे सगळे मातकट रंग त्यांच्याकडे आहेत. महाग आयात बाटल्यांवाचून अडत नाही. ब्रशवर मात्र खर्च करा: खऱ्या केसांचा, 1 नंबरचा, टोक टिकणारा एकच चांगला ब्रश.

डोळे रंगवू नका. 28 मिलीमीटरवर डोळ्याचा पांढरा भाग काढला की शिपाई दचकलेला दिसतो. भुवईखाली गडद तपकिरी रेघ ओढा, टेबलावरून तीच नजर वाटते. मिशी शुद्ध काळ्याऐवजी काळपट तपकिरीने काढा. ज्याची दाढी वाढली आहे त्याच्या जबड्यावर निळसर करड्याचा अगदी पाण्यासारखा थर द्या.

एक अडचण गोऱ्या शिपायांना येत नाही आणि आपल्याला येते. खाकी आणि सावळी त्वचा या दोन्हींची गडदपणाची पातळी जवळजवळ सारखी असते. माझ्या पहिल्या तीन शिपायांचे चेहरे जवळून सुंदर होते आणि टेबलावर ठेवल्यावर शर्टात विरघळून गेले. उपाय असा: खाकी ड्रिल उन्हाने आणि धुण्याने विटलेलं दाखवा, म्हणजे बरंच फिकट, आणि त्यात हिरव्याचा अगदी लहानसा अंश घाला. त्वचा त्याविरुद्ध तांबूस ठेवा. कॉलर आणि मान यांच्यामध्ये, बाही आणि मनगट यांच्यामध्ये गडद तपकिरीची केसाएवढी रेघ ओढा. पट्टे आणि काडतुसांचे खिसे हिरवट खाकी. असं केल्यावर हातभर अंतरावरून चेहरा सुटा दिसतो.

घाडगे यांच्याविषयी. 10 जुलै 1944, टायबर नदीचं वरचं खोरं. मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या सेक्शनमधले, म्हणजे त्यांच्या हाताखालच्या छोट्या तुकडीतले, त्यांच्याखेरीज सगळे ठार किंवा जखमी झाले. ते एकटे धावून गेले, ग्रेनेडने मशीनगन आणि ती चालवणारा निकामी केला, एकाला गोळी घातली, आणि मॅगझिन बदलायला वेळ नाही म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने मारलं. लगेच पुढच्या क्षणी लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते पडले. वय 22. त्यांचं नाव कॅसिनो मेमोरियलवर आहे.

फिगर त्या शेवटच्या क्षणाची करा, पण सोपी वाट घेऊन: धावणारं धड, डावा पाय पुढे. हातात थॉमसन गन (टॉमी गन) हवी, रायफल नको. मॅगझिन बदलायचं होतं ही नोंद सबमशीनगनच सांगते. दोन्ही हात मनगटाशी कापा, मुठीत 1 मिलीमीटरच्या ड्रिलने भोक पाडा आणि बंदुकीची नळी त्यातून ओवा, दस्ता वर येईल अशी. खांद्यांच्या जोडात कागदी क्लिपच्या तारेची खीळ घाला, नाहीतर वर उचललेले हात पहिल्याच खेळात निखळतील. खांद्याजवळची फट पुट्टीने भरताना शर्ट काखेतून वर ओढला गेलाय असं दाखवा. मी हे हात चार वेळा कापले. तिसऱ्या खेपेला सगळं नीट जुळलं होतं, पण वजन मागच्या पायावर होतं, आणि तो माणूस धावत नव्हता, उभा होता. धड बेसवर पाच-सात अंश पुढे कललेलं चिकटवा.

दुसरी फिगर करावीशी वाटली तर शिपाई नामदेव जाधव यांची करा, त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. 9 एप्रिल 1945, सेनिओ नदी. जखमींना खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून बांधापलीकडे नेल्यावर त्यांनी ग्रेनेड आणि टॉमी गनने शत्रूची ठाणी बंद पाडली, आणि बांधावर चढून शिवाजी महाराजांचा जयजयकार करत मागच्यांना पुढे बोलावलं. उघडं तोंड करायला 0.5 मिलीमीटरचं ड्रिल हलकेच टेकवलं की पुरतं. हा एप्रिलचा शिपाई आहे, त्याला लोकरी जाड गणवेश द्या.

शर्मनवर थोडक्यात. 1/56ला तो साधारण साडेदहा सेंटीमीटर लांब भरतो. इटलीत भारतीय डिव्हिजनांना रणगाड्यांची साथ ब्रिटिश आणि कॅनेडियन रेजिमेंटांची मिळत असे, म्हणून झाकणातून डोकावणारा कमांडर गोराच रंगवा. सूचनापत्रातली गुलाबी कृती तिथे कामाला येईल. मराठा चालक हवा असेल तर युनिव्हर्सल कॅरिअर घ्या, ती पायदळ पलटणीची स्वतःची गाडी होती. रणगाड्याचा मळकट हिरवा रंग, ऑलिव्ह ड्रॅब, बाटलीतून निघतो त्यापेक्षा फिकट करून लावा, लहान वस्तूवर तोच रंग जास्त गडद वाटतो. ड्रायब्रशने, म्हणजे रंग जवळजवळ पुसून टाकलेल्या ब्रशने, कडा उचला, मग तेलरंगाचा बर्न्ट अंबर टर्पेंटाइनमध्ये पातळ करून बोल्टांभोवती आणि जोडांत सोडा. त्याआधी अ‍ॅक्रिलिकवर वॉर्निशचा एक थर पूर्ण वाळलेला असू द्या. जाळी म्हणून मेडिकलचा गॉज फेविकॉलच्या पाण्यात बुडवून टरेटवर, म्हणजे तोफेच्या फिरत्या घुमटावर, पसरा. पुढच्या पत्र्यावर सुट्या ट्रॅकचे दुवे, एम-सीलची पोती, मागे पांघरुणं. धूळ फिकट पिवळसर ठेवा. आपल्या कोकणातल्यासारखी तांबडी माती टाकलीत तर रणगाडा इटलीतून थेट महाडला येतो. बेसवरही तीच फिकट माती, चाळलेली रेती आणि चहाचा वाळवलेला चोथा.

लहानपणी दिवाळीच्या किल्ल्यावर आमचे मातीचे मावळे असत, पोस्टर कलरने पुन्हा पुन्हा रंगवलेले. दोन-तीन वर्षांत त्यांचे चेहरे बोटांनी पुसून जायचे, कारण उचलताना आम्ही त्यांना डोक्यालाच धरायचो. खेळातला शिपाईसुद्धा संध्याकाळभर उचलला आणि ठेवला जातो. मॅट वॉर्निशचे दोन थर द्या, आणि सोबत खेळणाऱ्यांना बेसला धरून उचलायला सांगा.

पहिला एकच शिपाई अखेरपर्यंत रंगवा, बाकीच्यांना प्रायमरवर थांबवा. दुसऱ्या दिवशी सकाळच्या उजेडात तो टेबलाच्या पलीकडच्या कडेला ठेवून बघा. चेहरा कॉलरपासून वेगळा दिसत असेल तर उरलेले तसेच करा. दिसत नसेल तर शर्ट आणखी फिकट करा, चेहऱ्याला हात लावू नका.