एकच ऑर्डर दोनदा का नोंदली जाते?

प्रश्न: ग्राहक कंपनीच्या क्लाउड अ‍ॅपमधून आमच्याकडे वेबहुकने (काही घडलं की एका अ‍ॅपने दुसऱ्याला आपोआप पाठवलेल्या संदेशाने) ऑर्डरी येतात. काही दोनदा नोंदल्या जातात. चूक कोणाची?

उत्तर: बहुधा तुमचीच. ठरलेल्या वेळेत २०० हा, म्हणजे ‘संदेश मिळाला’ असा, प्रतिसाद मिळाला नाही, की समोरचं अ‍ॅप तोच संदेश पुन्हा पाठवतं. त्याने तसं करायलाच हवं. साठा तपासून, बिल बनवून मग प्रतिसाद देत असाल, तर उशीर होणारच. संदेशाची डिजिटल सही तपासा, तो रांगेत टाका आणि लगेच २०० द्या. बाकीचं मागाहून.

डेटाबेसमध्ये संदेशाच्या आयडीवर युनिक बंधन घाला, म्हणजे तोच आयडी दुसऱ्यांदा नोंदला जाणार नाही. ‘आधी शोधा, नसेल तर नोंदवा’ यावर विसंबू नका. दोन प्रती एकाच क्षणी आल्या तर दोन्ही आत शिरतात. आणि हो, आयडी संदेशाचाच घ्या. ऑर्डरचा घेतलात, तर त्या ऑर्डरमधला पुढचा बदलही नाकारला जाईल.