वरणाची डाळ मोजून टाक

चि. पोरी, अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप मिळाला. ग्राउंडवरच्या मैत्रिणीनं प्रोटीन पावडरचा डबा घ्यायला सांगितलाय आणि खर्चातून तेवढे पैसे निघत नाहीत म्हणून तू हिरमुसलीस. घेऊच नको. धुळ्याच्या देवपुरात एवढी वर्षं खानावळ चालवली, तुझ्यासारखी पोलीस भरतीची तयारी करणारी कितीतरी पोरं-पोरी जेवून गेली. त्यांतल्या बहुतेकांनी असला डबा हातात धरला नव्हता.

आधी तुला लागतं किती ते बघ. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं माप आहे, किलो वजनाला दिवसाकाठी ०.८३ ग्रॅम प्रथिनं. तुझं वजन ५० किलो, म्हणजे ४२ ग्रॅमात भागतं. पण तू ८०० मीटर पळतेस, गोळा फेकतेस, तर ६० धरून चाल. त्याहून जास्तीच्या मागे लागू नको.

आता तू म्हणशील, डाळ तर रोजच खाते. खातेस, पण किती? मागे तुमच्या खोलीवर आले होते तेव्हा तिघींत मिळून एक मूठ तूरडाळ कुकरला लावली होती. फार तर ५० ग्रॅम. वरून तांब्याभर पाणी, हळद, फोडणी. पळीनं ढवळलं की पातेल्याचा तळ दिसत होता. एकीच्या वाट्याला आली १७ ग्रॅम डाळ, म्हणजे चार ग्रॅमसुद्धा प्रथिनं नाहीत. खानावळीत माणसं वाढली की हेच होतं, डाळ तेवढीच राहते आणि पाणी वाढतं. वाटी भरलेली दिसते म्हणून कुणी बोलत नाही. तेव्हा वरण वाटीनं मोजायचं नाही, कोरडी डाळ मोजायची. दिवसाला माणशी ६० ग्रॅम, दोन वेळचं मिळून. किराणावाल्याकडून एकदा ६० ग्रॅम तोलून घे, आपल्या वाटीत ओत आणि कुठवर येते तिथे खूण कर.

पैशाचा हिशेबही तसाच. वस्तू महाग की स्वस्त ते किलोच्या भावावरून बघू नको, एक ग्रॅम प्रथिन कितीला पडतं ते बघ. भाव रोज बदलतात, मी अंदाजानं धरते, तू तुझ्या दुकानातले घाल. तूरडाळ १३० रुपये किलो धरली तर किलोत प्रथिनं साधारण २२० ग्रॅम, ग्रॅमला ६० पैसे. शेंगदाणे त्याच्याच आसपास. सोयाबीनच्या वड्या १२० रुपये किलो, त्यात ५२० ग्रॅम, म्हणजे ग्रॅमला २३ पैसे. सात रुपयांच्या अंड्यात सहा ग्रॅम, सव्वा रुपयाच्या आत. साठ रुपये लिटरचं दूध पावणेदोनच्या वर जातं, पनीर दोनच्या घरात आणि २५०० रुपये किलोची ती पावडर सव्वातीनच्या पुढे. दूध सोड असं म्हणत नाही, हाडांसाठी ते हवंच. पण प्रथिनांसाठी म्हणून रोज लिटरभर आणायची गरज नाही.

तुझं निम्मं काम तर भाकरीच करते, हे कुणी मोजतच नाही. २५० ग्रॅम ज्वारीच्या पिठात २५ ग्रॅम प्रथिनं असतात. फक्त ज्वारीत लायसिन नावाचा घटक कमी पडतो आणि तो उडदात भरपूर आहे. उडदात जे तोकडं असतं ते ज्वारी पुरवते. म्हणून कळण्याची भाकरी. तीन भाग दादर, म्हणजे आपली रब्बीची ज्वारी, एक भाग सालासकट उडीद, चवीला मीठ, आणि दळून आण. कुणी चारास एक घालतं, तेही चालेल. त्याच २५० ग्रॅम पिठात आता ३३-३४ ग्रॅम झाली, वेगळं काही न शिजवता. आपल्याकडे हीच भाकरी लोक हॉटेलात भरतासोबत हौसेनं खातात आणि घरी मात्र गव्हाची पोळी लागते, याची मला मोठी गंमत वाटते. भरीत पाहिजे तेवढं खा, पण वांग्यात प्रथिनं शोधू नको. केळ्यातही नाहीत. रावेर-यावलची केळी स्वस्त आहेत, पळायच्या आधी एक खा, ताकद येते, पण ते काम वेगळं.

पोळ्याच्या मागेपुढे घरी मूग-उडीद येतात. मायला सांग, विकायच्या आधी पोरीचे पाच किलो उडीद बाजूला काढ. वाळवून, एरंडेल तेलाचा हात लावून ठेवले की वर्षभर कीड लागत नाही.

सोयाबीनच्या वड्यांना वास येतो म्हणालीस. मिठाच्या पाण्यात उकळ, ते पाणी फेक, गार पाण्यातून काढून दोनदा घट्ट पिळ. मग शेवभाजीचा काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा कर आणि शेवेच्या जागी त्या टाक. शेव बेसनाचीच असली तरी ती तेल पिऊन आलेली असते. माणशी २५ ग्रॅम कोरड्या वड्या, १३ ग्रॅम प्रथिनं. आठवड्यातून दोन-तीनदा पुरे, रोज खाशील तर कंटाळशील. एखाद्या दिवशी डुबुकवड्या कर, त्यांना तळण लागत नाही. बेसन थोडं घट्टसर कालवून उकळत्या रश्श्यात सोडायचं.

म्हणजे कळण्याची भाकरी, ६० ग्रॅम डाळ, मूठभर शेंगदाणे आणि एक अंडं, एवढ्यात ६० गाठलेच. अंडं उकडून आणि पिवळ्यासकट खा. पहिलवानकीच्या नादानं कच्चं दुधात घालून पिऊ नको, कच्च्यातलं पुष्कळसं अंगी लागत नाही आणि पोट बिघडायची भीती. तुझ्या खोलीतली जी अंडं खात नाही तिनं खिशात फुटाणे ठेवावेत, सालासकट.

नवरात्रात तू नऊ दिवस साबुदाण्यावर राहतेस ते मला ठाऊक आहे. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नाहीतच, खिचडीत जी असतात ती कुटाची. कूट हात सैल सोडून घाल, सोबत भगर आणि दही घे. आणि त्या दिवसांत पळणं निम्म्यावर आण.

एकदम सगळं वाढवू नको, पोट फुगेल. पहिल्या आठवड्यात नुसतं वरण घट्ट कर, मग भाकरी बदल. डाळ तासभर भिजवून लाव, फोडणीत हिंग घाल. अंगावर सूज असेल किंवा मूत्रपिंडाचा काही त्रास असेल तर हे सगळं डॉक्टरला विचारल्याशिवाय नको.

कुकरची रिंग ढिली झाल्याचं म्हणत होतीस. ती आधी बदलून घे. वाफ धरली नाही तर अख्खे मूग-उडीद शिजायचे नाहीत, आणि तुम्ही तिघी कंटाळून परत पातळ वरणावर याल.

तुझी,
खानावळीची मावशी