नॉब फिरत नाही म्हणून पक्कड हातात घेऊ नका

आजोबांचं पेलिकन ४०० (मागचा नॉब फिरवून शाई ओढणारं शाईपेन) कित्येक वर्षं शाईसकट पडून होतं, आता मागचा नॉब जाम झालाय, पकडीने फिरवू का, असं विचारलंय तुम्ही. अजिबात नको. मी हा उद्योग करून बसलोय एका जुन्या पिस्टनवाल्या पेनावर, पकडीला रबर बिबर गुंडाळून, कट्ट आवाज आला, नॉब मस्त गरगर फिरायला लागला आणि पिस्टन, म्हणजे नॉबबरोबर आत मागेपुढे सरकून शाई ओढणारा दट्ट्या, जागच्या जागी. आटे गेले. स्क्रूमुळे बोटांचा जरासा जोरसुद्धा आत कितीतरी पट होऊन पोचतो हो.

जाम केलंय वाळलेल्या शाईने आणि तिला सोडवतं पाणीच, फक्त ते तिथवर पोचायला हवं ना. बहुतेक जण निब खाली करून पेन पेल्यात उभं करतात आणि आठवडा आठवडा वाट बघतात, पण नॉब पूर्ण बंद असला की पिस्टन पार मागे असतो, मध्ये हवा अडकते, पाणी त्याला शिवतही नाही. म्हणून पहिला दिवस नुसता पुढचा भाग भिजू द्या, मग निब आणि खालचा फीड (निबला शाई पोचवणारा भाग) एकत्र चिमटीत धरून घड्याळाच्या उलट फिरवा, अख्खं युनिट आट्यांवरून निघून येतं (नाही आलं तर अजून एक दिवस, फीडच्या पट्ट्या नाजूक असतात). आता ड्रॉपरने आत पाणी भरायचं आणि पेन उलटं, नॉब खाली करून उभं ठेवायचं. पाणी थेट सीलवर, म्हणजे पिस्टनच्या टोकाच्या घट्ट कडेवर, बसतं. रोज बदला. गरम पाणी नको, स्पिरिट तर नकोच, जुन्या प्लास्टिकची वाट लागते.

पाण्यात निळा रंग उतरायचा कमी झाला की नुसत्या बोटांनी नॉब बघा. केसभर हलला तरी पुढे रेटू नका, तेवढाच मागे घ्या, परत पुढे, हलेना तर पुन्हा पाणी. माझ्या एका पेनाला नऊ दिवस लागले.

आणि पेलिकनच्याच एम८०० या दुसऱ्या मॉडेलचे व्हिडिओ बघून मागची यंत्रणा पिळून काढायला जाऊ नका, तिथे आटे असतात, ४०० मध्ये ती नुसती दाबून बसवलेली असते.

सुटला की टूथपिकच्या टोकावर येईल एवढंच सिलिकॉन ग्रीस आतल्या भिंतीला लावा, व्हॅसलिन नको. मग पाणी भरून एक रात्र टिश्यूवर ठेवा. सकाळी नॉबपाशी टिश्यू ओला दिसला तर शाई भरू नका, सील बदलावं लागणार.