सर रात्री मेसेज करतात

प्रश्न : आम्ही बडोद्यात दांडिया बाजारात राहतो. मुलगा १२ वर्षांचा, फुटबॉल शिकतो. सर त्याला एकट्यालाच स्कूटरवरून घरी सोडतात, रात्री मेसेज करतात, ‘आईला सांगू नकोस’ म्हणतात. आमचे हे म्हणतात, उगाच संशय नको. काय करू?

उत्तर : ताई, तुम्हाला खटकलं ते बरोबरच आहे. आईपासून लपवायला सांगणं ही माझ्या मते सगळ्यांत मोठी खूण. आजपासून त्याला तुम्हीच घेऊन या. मेसेज पुसू नका. त्याला खोदून खोदून विचारू नका; माझा धाकटा माझ्यासोबत भांडी पुसताना बोलायचा, समोर बसवलं की गप्प. ‘तुझी चूक नाही, फुटबॉल बंद होणार नाही’ हे आधी सांगा. खेळ सुटेल या भीतीनेच कितीतरी मुलं तोंड उघडत नाहीत.

क्लबला लेखी कळवा : निरोप पालकांच्या ग्रुपवरच, मुलाला एकट्याला गाडीवर नेणं बंद. पण स्पर्शाचं काही निघालं, तर क्लबसाठी थांबू नका. १०९८ या मुलांच्या मदतीच्या फोन नंबरला किंवा पोलिसांना कळवा. मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा २०१२ चा पॉक्सो कायदा मुलग्यांनाही मुलींइतकाच लागू आहे. मुलाचा जबाब घरीही घेतात, तेव्हा पोलीस गणवेशात नसतात. यजमानांनाही हे उत्तर वाचायला द्या.