आंबोली-तिळारीच्या रानात जाताना

प्रश्न : जुलैत मुलांना घेऊन आंबोलीला निघालोय. जळवांसाठी मीठ पुरेल ना? (ठाणे)

मीठ शेंगदाण्यांना लावा. मीठ टाकलं किंवा काडी पेटवून टेकवली की जळू सुटते खरी, पण सुटताना पोटातलं जखमेत ओकते. तिच्या बारीक टोकाखाली नख सरकवा, ती निघते. रक्त गोठू नये म्हणून ती लाळ सोडते, त्यामुळे ते बराच वेळ झिरपतं. साबणाने धुवा, फडकं दाबून धरा. पोरं जळवेला कमी आणि आईबापांच्या किंकाळीला जास्त घाबरतात.

प्रश्न : जळवा नकोत म्हणून आम्ही फेब्रुवारीत तिळारीला जाणार. तेव्हा काही भीती नाही ना? (कोल्हापूर)

जळवा टळल्या, पण गोचिडी भेटतील, आणि त्यांच्या चाव्यातून माकडताप होतो. माकडतापाचा विषाणू १९५७ साली शिमोग्याकडच्या क्यासनूरच्या जंगलात सापडला. पुढे तिळारी ज्या तालुक्यात येतं त्या दोडामार्गातही त्याची साथ आली. हंगाम साधारण डिसेंबर ते मे. चावतात ती गोचिडीची पिल्लं, इतकी बारीक की पत्ताही लागत नाही. काजूच्या बागेत पातेऱ्यात, म्हणजे गळून पडलेल्या वाळक्या पानांत, वावरणाऱ्यांना हा ताप गाठतो, आणि पाहुणे नेमके त्याच पातेऱ्यावर बसकण मारून डबा उघडतात! सतरंजीही नको, खडक शोधा. पँट मोज्यात खोचा. परतल्यावर गरम पाण्याने अंघोळ करून काखा, जांघा, कानामागे नीट बघा. चिकटलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल ओतू नका. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वनरक्षकाला कळवा.

दोन आठवड्यांत सणकून ताप आला, तर डॉक्टरांना आधी सांगा की रानात गेलो होतो. माझ्याकडे येणारे पेशंट हेच सांगायचं विसरतात. माकडतापावर नेमकं औषध नाही, पण वेळेत दाखल झालं तर रुग्णाला सांभाळता येतं. शिवाय अंगावर काळी खपली असेल तर तो स्क्रब टायफस असू शकतो, आणि त्यावर साधी गोळी चालते.

प्रश्न : रात्री बेडूक बघायला जातो. चापडा चावला तर? (पणजी)

चापडा हा विषारी साप झुडपावर, हाताच्या उंचीवर बसतो. म्हणून बॅटरीशिवाय फांदीला हात नको. आपल्याकडची सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवरची. चापड्यावर तिचा भरवसा नाही. तरी दवाखाना गाठाच. आवळपट्टी नको, ब्लेड नको. अंगठी काढा, हात हलवू नका, १०८ लावा. रेंज नसेल तर गाडी काढा.