पाय फ्रेमबाहेर गेले तरी

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज काल रात्री वाचला. सिनेमात रोल मिळाला, फार आनंद झाला. पण शेवटी जे लिहिलंस, ‘ताई, आता कथकचा क्लास बंद करावा लागेल, बारा वर्षं केलं ते केलं’, त्या ओळीने झोप उडवली. फोन केला असता तर रागावले असते, म्हणून सकाळी लिहायला बसले.

देवी जा या नर्तकी-नटीबद्दल तुला कधी सांगितलेलं आठवत नाही. इंडोनेशियातल्या जावा बेटावरची, 1914 सालची. आधीचं नाव मिस्रिया, मग सुतिजा, देवी जा हे पुढचं. आजी-आजोबा गावोगाव गाऊन-वाजवून पोट भरणारे, त्यांच्या मागून ही पोर फिरायची. राजवाड्यात बेधाया हा दरबारी नाच नाचणाऱ्या मुलींना जी तालीम मिळायची, जो मान मिळायचा, त्यातलं हिच्या वाट्याला काही आलं नाही. मग दार्दानेला नाटक मंडळीचा मालक विली क्लिमानोफ, ज्याला सगळे पिएद्रो म्हणत, त्याने तिला पाहिलं आणि मंडळीत घेतलं. पुढे त्याच्याशीच तिचं लग्न झालं. कोवळ्या वयातच तिचं सगळं आयुष्य एका माणसाच्या आणि त्याच्या मंडळीच्या हाती गेलं, हे मला आजही खुपतं.

या मंडळीचं आपल्या मुंबईशी लांबचं नातं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या पारशी नाटक कंपन्या जहाजाने पार मलायापर्यंत जात. तिकडचे लोक त्याला ‘वायांग पारसी’ म्हणत. ते बघून तिथे बांगसावान नावाचा नाटकाचा प्रकार उभा राहिला, 1891 साली जावातल्या सुराबाया शहरात कोमेडी स्तांबुल ही मंडळी निघाली आणि 1926 मध्ये त्याच वाटेवर पूर्व जावात दार्दानेला. दोन अंकांच्या मधे पडद्यापुढे नाच-गाणी व्हायची, त्याला ‘एक्स्ट्रा’ म्हणत. प्रेक्षक उठतो, शेजाऱ्याशी बोलतो, पोरं रडतात, त्या वेळात त्याला धरून ठेवायचं. जा तिथे तयार झाली. पाहता पाहता ती नाटकातली मुख्य नटी झाली, पण आधी ती पडद्यापुढच्या त्या अरुंद पट्टीत नाचली होती, हे विसरू नकोस. तुझा रोल किती मिनिटांचा आहे ते तू तीनदा लिहिलंयस, म्हणून सांगते.

1936 मध्ये आपल्याच गाजलेल्या नाटकाचा, ‘डॉक्टर सामसी’चा, चित्रपट करायचा म्हणून मंडळी भारतात आली. त्यानंतर नाटककार अंजर अस्मारा मंडळी सोडून गेले. उरलेल्यांना घेऊन पिएद्रो आणि जा युरोपात गेले, आणि 1939 मध्ये युद्ध डोक्यावर आलेलं असताना अमेरिकेत. तिथे संवादाची नाटकं कोण बघणार? जावानी-मलायी भाषा कोणाला येत होती? उरला तो फक्त नाच. नटी म्हणून जे कमावलं होतं ते भाषेबरोबर मागे राहिलं, आणि जे आजी-आजोबांच्या मागून फिरताना अंगात मुरलं होतं, त्यावर तिने परक्या देशात माणसं पोसली.

इथे एक गोष्ट नीट बघ. ती जावाची, पण अनेकदा नाव यायचं ‘देवी जा आणि तिच्या बाली नर्तकी’. पाश्चात्त्यांना तेव्हा बालीचं वेड होतं. जावाच्या नाचात बाईची नजर खाली, गुडघे हळूच वाकलेले, कमरेच्या साम्पुरचं, म्हणजे नाचातल्या ओढणीचं, टोक दोन बोटांत धरून अगदी सावकाश सोडायचं, मोठी गाँग वाजली की ओळ पुरी. बालीत डोळे टक्क उघडे, सेलेदेत म्हणजे एका झटक्यात बुबुळ कोपऱ्यात. दोन वेगळी अंगं, दोन वेगळे श्वास. पण बाजार विचारतो एकच, खपतं काय? तुलाही उद्या ‘ती क्लासिकल मुलगी’ म्हणतील, आणि कथकची मुद्रा भरतनाट्यमच्या दागिन्यांवर चढवतील. पोट आहे, करावं लागेल. पण करताना हे काय आहे आणि काय नाही, हे तुला स्वतःला ठाऊक असू दे.

हॉलिवूडने तिला दिलं ते मोजकंच. 1942 चा ‘द मून अँड सिक्सपेन्स’, 1945 चा ‘द पिक्चर ऑफ डोरियन ग्रे’, दोन्हींत नाच. मोठ्या कथेत एक झलक. दरम्यान जपानने जावा घेतलं आणि परतीची वाट बंद झाली. शिकागोत त्यांनी ‘सारोंग रूम’ नावाचा क्लब काढला, तो आगीत गेला. 1947 मध्ये इंडोनेशियाचे नेते सुतान शाहरिर आपल्या देशाची बाजू मांडायला संयुक्त राष्ट्रांत आले, तेव्हा ती त्यांना भेटली. ज्या देशातून ती निघाली तो डचांच्या ताब्यात होता, आणि आता तो स्वतंत्र म्हणून उभा राहत होता. 1954 मध्ये मात्र ती अमेरिकन नागरिक झाली. लॉस एंजेलिसमध्ये शिकवत राहिली. मुलगी रत्ना आईकडेच नाच शिकली आणि 1973 च्या ‘पॅपियाँ’मध्ये दिसली. भूमिका दक्षिण अमेरिकेतल्या एका आदिवासी मुलीची! 1989 मध्ये जा तिथेच गेली.

आता तुझं. तुझ्या ऑडिशनचा व्हिडिओ मी चार वेळा पाहिला. संवाद ठीकच आहे. पण समोरचा बोलत असताना तू थांबलीयस ना, तेव्हा तुझा डावा अंगठा बोटांच्या पेरांवर मात्रा मोजतोय. तुला कळलंही नसेल. तुझं थांबणं रिकामं वाटत नाही ते त्यामुळे. त्यांनी तुला घेतलं ते यासाठीच, माझी खात्री आहे. आणि तू म्हणतेस क्लास बंद करते!

मी तुझ्या वयाची असताना एका चित्रपटात नाचले होते. सहा दिवस तत्कारावर, म्हणजे पायांच्या कामावर, घाम गाळला, आणि पडद्यावर बघते तर कमरेखाली काही नाही. थिएटरमध्येच रडले. कोणी मला सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. तू विचार. प्रत्येक शॉटआधी, न लाजता, ‘फ्रेम कुठे कापतेय?’ पाय बाहेर असले तरी पाय टाकायचेच, कारण पाय थांबले की मान आणि श्वास दोन्ही खोटे पडतात. तिसऱ्या टेकला अंग गार पडतं, तेव्हा कोपऱ्यात उभी राहून गुडघे हलवत राहा. करारात तारखा लिहून घे. नाचाचं गाणं असेल तर फरशी कसली आहे ते आधी बघ, सिमेंटवर अनवाणी नाचू नकोस.

रविवारी सकाळी सात वाजता ये. घुंगरू आण, आणि तो ट्रायपॉडही. फक्त चेहरा फ्रेममध्ये ठेवून तुझ्याकडून तीन तालाचा तोच तुकडा करून घेणार आहे, आधी पाय टाकून, मग पाय न टाकता. दोन्ही शेजारी ठेवून आपण बघू.

आईला नमस्कार सांग.

तुझी,
ताई